कोंडीत गेलेला वेळ उड्डाणपुलावर वसूल होत नाही

टॉमटॉमच्या २०२४ सालच्या वाहतूक निर्देशांकानुसार बेंगळुरूत १० किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागतात. पुण्यात ३३ मिनिटे २२ सेकंद. त्यामुळे पुण्याहून नोकरीसाठी इकडे आलेल्या मराठी माणसाला कोंडीचं अप्रूप नाही. ताशी साडेसतरा किलोमीटर हा वेग सायकलवालाही गाठतो. तरीही २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत शहरात रस्त्यांवर प्रत्येकी सुमारे ९०० माणसं गेली. रस्ता जर हलतच नाही, तर एवढी माणसं मरतात कुठे?

जिथे तो अचानक मोकळा होतो तिथे. सिल्क बोर्डचा गुंता सुटला की इलेक्ट्रॉनिक सिटीचा उड्डाणपूल, हेब्बाळ ओलांडलं की विमानतळाचा रस्ता, रात्री अकरानंतरचा रिंग रोड, शनिवारी पहाटेचा म्हैसूर महामार्ग. तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कुढत बसलेला, एरवी अगदी सभ्य असा चालक तिथे ‘गेलेला वेळ’ वसूल करायला निघतो. या शहरात शर्यतबाज पोरांपेक्षा या वसुलीची भीती जास्त वाटावी, अशी परिस्थिती आहे.

वाचकांचे प्रश्नही याच भोवती फिरतात. वेगमर्यादा नक्की किती? मागचा हॉर्न मारून जीव खातो, तेव्हा काय करावं? एमएच नंबरच्या गाडीला दंड आला तर तो खरा की खोटा? जखमी माणसाला उचललं तर आपणच अडकतो का?

आधी वेळेचा हिशेब करा

बेंगळुरू–म्हैसूर महामार्ग साधारण ११९ किलोमीटरचा आहे. संपूर्ण रस्ताभर ताशी १००चा वेग राखला तर ७१ मिनिटं लागतात, १२०चा राखला तर साठ. फायदा अकरा-बारा मिनिटांचा, तोही कागदावरचा. मद्दूरला वडा खायला उतरलात तर त्याहून जास्त वेळ जातो. शहरात तर हिशेब आणखी फसवा आहे. दोन सिग्नलमधल्या अर्ध्या किलोमीटरवर ताशी ८०ने गाडी हाणली, तरी पुढच्या लाल दिव्याला ताशी ४०वाला शांतपणे शेजारी येऊन उभा राहतो.

आता दुसरी बाजू पाहा. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर गाडी पूर्ण थांबायला साधारण इतकी जागा लागते:

- ताशी ४० किलोमीटर: २६ मीटर
- ताशी ६०: ४५ मीटर
- ताशी ८०: ६९ मीटर
- ताशी १००: ९८ मीटर
- ताशी १३०: जवळपास १५० मीटर

यातल्या पहिल्या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहा. उभ्या बसच्या पुढून एक मूल २६ मीटरवर रस्त्यात आलं. ताशी ४०ने येणारी गाडी त्याच्या पुढ्यात थांबते. ६०ने येणारी गाडी पाय ब्रेकवर पडेपर्यंतच २५ मीटर पुढे आलेली असते, म्हणजे मुलाला ती जवळपास पूर्ण वेगानेच धडकते. संध्याकाळच्या सरीत रस्ता ओला झाला की हे सगळे आकडे वाढतात. पहिल्या पावसात तर रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून गुळगुळीत थर तयार होतो.

म्हणून वेग किती ठेवायचा हे गाडी सुरू करण्याआधी ठरवून टाका. गाडीत वेगाची मर्यादा लावायची किंवा इशाऱ्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. मिटिंगला उशीर होणार असेल तर निघण्यापूर्वीच फोन करून कळवा. उशीर एकदा मान्य केला की उजवा पाय आपोआप हलका होतो.

वेगमर्यादा नक्की किती?

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत शहरातल्या रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल ७० आणि दुचाकींसाठी ६० अशी मर्यादा होती. ही कमाल मर्यादा आहे. राज्य सरकार आणि पोलीस ती कमी करू शकतात, आणि बेंगळुरूत बऱ्याच ठिकाणी ती कमीच आहे. त्यामुळे ‘शहरात सत्तर चालतं’ असं गृहीत धरू नका. खरी मर्यादा फलकावरची. शाळेजवळ, रस्त्याच्या कामाच्या ठिकाणी आणि उड्डाणपुलाच्या वळणावर ती बदलते.

सूचना अनेकदा कन्नडमध्येच असतात. चार ओळखून ठेवल्या की काम भागतं: ‘निधानवागी चलिसी’ म्हणजे सावकाश चला, ‘रस्ते उब्बु’ म्हणजे पुढे गतिरोधक, ‘शाला वलय’ म्हणजे शाळेचा परिसर आणि ‘अपघात वलय’ म्हणजे अपघातप्रवण जागा. गतिरोधकाची पाटी गांभीर्याने घेत चला. या शहरात पट्टे पुसलेले गतिरोधक गाडीला गचका बसल्यावरच कळतात.

म्हैसूर महामार्गाचं उदाहरण मात्र तपशिलात सांगण्यासारखं आहे. १२ मार्च २०२३ रोजी त्याचं उद्घाटन झालं. रस्ता गुळगुळीत, मधे सिग्नल नाही, मग गाड्या सुटल्या. पोलिसांच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी त्यावर १८८ जण दगावले. १ ऑगस्ट २०२३पासून मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरना बंदी आली, ताशी १००ची मर्यादा कडक झाली आणि पुढच्या वर्षी कॅमेरे बसले. २०२४ मध्ये मृत्यूंचा आकडा ५० वर आला. रस्ता तोच होता आणि चालकही बहुतेक तेच. ‘आपल्या लोकांना शिस्त लागणारच नाही’ असं चहाच्या टपरीवर म्हणणाऱ्यांना हा आकडा जरूर ऐकवावा.

कर्नाटकात मोटार किंवा दुचाकी वेगाने चालवल्याचा दंड हजार रुपये आहे. पण ऑगस्ट २०२४पासून राज्य पोलिसांचं धोरण असं आहे की ताशी १३०च्या वर गाडी सापडली तर नुसता दंड नाही, थेट गुन्हा दाखल होतो. म्हणजे पोलीस ठाणं, न्यायालय आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी पासपोर्टच्या चौकशीत उत्तरं द्यायची वेळ.

रात्रीचा रिकामा रस्ता

३१ ऑगस्ट २०२१च्या मध्यरात्रीनंतर कोरमंगलात एक महागडी मोटार फुटपाथवर चढून इमारतीवर आदळली. पाच जणांच्या गाडीत सात जण होते, सातही गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार कोणीही पट्टा लावलेला नव्हता आणि एअरबॅग उघडल्या नव्हत्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर कडेच्या जागेत दुचाकी लावून उभ्या असलेल्या दोघांना भरधाव मोटारीने उडवलं. दोघंही पुलावरून खाली फेकले जाऊन दगावले.

या दोन घटनांतून रात्रीसाठी काही ठोस गोष्टी निघतात:

- उड्डाणपुलावर थांबू नका. फोन घ्यायला नाही, फोटो काढायला नाही, पावसापासून आडोसा म्हणून तर नाहीच. गाडी बंद पडली तर धोक्याचे दिवे लावा, गाडीतून उतरून कठड्याच्या शक्य तितक्या सुरक्षित बाजूला उभे राहा आणि ११२ला फोन करा.
- सिग्नल हिरवा असला तरी रात्री चौकात वेग कमी करा. आडव्या रस्त्याने येणारा ‘आता कोण बघतंय’ म्हणून लाल दिवा तोडत असतो.
- पार्टीला जाणार असाल तर परतीची कॅब आधीच ठरवा. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. ‘दोनच बिअर’ने ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि प्रकरण न्यायालयात जातं.

३१ डिसेंबरच्या रात्री पोलीस शहरातले बरेच उड्डाणपूल बंद ठेवतात. त्या रात्रीचा रस्ता आधी पाहून ठेवा.

पट्टा, हेल्मेट आणि पोरं

मागच्या सीटवर पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक आहे, ऐच्छिक नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरमध्ये सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. गावाहून आलेल्या आई-वडिलांना मागे बसवताना ‘राहू दे गं, काय होतंय’ हे ऐकावं लागतंच. गाडी हलण्याआधी पट्टा लावून घ्या, वाद नंतर.

दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती कर्नाटकात जानेवारी २०१६पासून आहे. आयएसआय शिक्का पाहा, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. टोपीसारखं अर्धं हेल्मेट पोलिसांपासूनही वाचवत नाही.

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर नेताना चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा, मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४०ची मर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२३पासून लागू आहे. पुढे उभं करून नेणं अजूनही सर्रास दिसतं. चिमुकला हँडल धरून उभा म्हणून गोड दिसतो, पण त्याच हँडलवर तो आदळतो.

अठराच्या आतल्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली दिलीत तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या मे २०२४च्या अल्पवयीन चालकाच्या अपघात प्रकरणानंतर हे कलम सगळ्यांना तोंडपाठ झालं असेल असं वाटलं होतं. अपार्टमेंटच्या आवारात स्कूटर शिकणारी नववी-दहावीची मुलं पाहिली की तसं झालेलं दिसत नाही.

दिवाळीला गावी निघताना

बेंगळुरूच्या मराठी माणसाचा खरा लांबचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, निपाणी, कोल्हापूर आणि पुढे पुणे, म्हणजे सुमारे ८४० किलोमीटर. याच रस्त्यावर नेलमंगलाजवळ २१ डिसेंबर २०२४ रोजी एक कंटेनर दुभाजक ओलांडून उलटला आणि समोरून येणाऱ्या मोटारीवर पडला. मूळचं सांगली जिल्ह्यातलं एक कुटुंब गावाकडे निघालं होतं, त्यातले सहा जण जागीच गेले. मोटार जगातल्या अत्यंत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी होती आणि त्यांची काही चूकही नव्हती. पुढच्या गाडीने अचानक ब्रेक लावला म्हणून आपण वळवलं, असं कंटेनरच्या चालकाचं म्हणणं होतं.

अशा घटनेनंतर लोक नशिबाला दोष देऊन मोकळे होतात. पण कंटेनरच्या पुढे असाल तर काय करायचं, हे तुमच्या हातात आहे. अवजड वाहनाच्या पुढे घुसून लगेच ब्रेक लावू नका. ३०-४० टनांची गाडी तुमच्याइतक्या जागेत थांबत नाही. त्याच्या बरोबरीने, त्याच्या आडोशाने चालत राहू नका. एक तर मागे राहा, नाही तर दृश्य मोकळं असताना नीट पुढे जा. चालकाच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

दुसरी जागा हुबळी–धारवाड बायपासची. चौपदरी-सहापदरी रस्त्यावर तीन-चारशे किलोमीटर आल्यावर हा साधारण ३० किलोमीटरचा टप्पा वर्षानुवर्षं दोन पदरी होता, मधे दुभाजक नाही. १५ जानेवारी २०२१ रोजी दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या टेम्पो ट्रॅव्हलरची आणि टिपरची धडक इथेच, इटिगट्टीजवळ झाली. आता रुंदीकरण हाती घेतलेलं आहे. पण कामाचा रस्ता म्हणजे वळवलेल्या मार्गिका, खडी आणि अर्धवट पट्टे. इथे ओव्हरटेकचा मोह आवरा, समोरून येणारा दिवा किती लांब आहे हे रात्री डोळ्यांना कळत नाही.

आणि सगळ्यात वाईट सवय म्हणजे शुक्रवारी दहा तास काम करून, रात्री नऊला मुलांना गाडीत घालून ‘सकाळी कोल्हापूर’ असा बेत आखणं. १४ ऑगस्ट २०२२च्या पहाटे राजकीय नेते विनायक मेटे यांची गाडी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर पुढच्या वाहनाला मागून धडकली, तेव्हा ते रात्रभराचा प्रवास करून मुंबईला निघाले होते. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर झोपच मागतं. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, चिक्की चघळणं यांनी झोप जात नाही, फक्त आपण जागे आहोत असं वाटत राहतं. त्यापेक्षा:

- शनिवारी पहाटे पाचला निघा, तुमकूरपर्यंतची गर्दीही टळते.
- दर दोन तासांनी उतरून चाला.
- चालक एकच असेल तर पुण्याचा प्रवास दोन दिवसांत वाटून घ्या. हुबळी साधारण अर्ध्यावर, ४०० किलोमीटरच्या थोडं पुढे आहे.
- डोळा लागल्यासारखं झालं, मागचे काही किलोमीटर आठवेनात, तर पुढच्या पेट्रोलपंपावर वीस मिनिटं झोपा.
- महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा मदत क्रमांक.

मागून हॉर्न, पुढून कट

उजव्या मार्गिकेत मर्यादेने चाललात तरी मागचा दिवे मारतो. तुमचं बरोबर आहे, तरीही डावीकडे व्हा आणि त्याला जाऊ द्या. त्याला धडा शिकवायची जबाबदारी तुमच्यावर नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुट्टेनहळ्ळी भागात मोटारीच्या आरशाला दुचाकीचा धक्का लागला आणि पाठलाग करून त्या दुचाकीस्वाराला उडवल्याचा आरोप एका जोडप्यावर ठेवला गेला. एका आरशापायी तरुण मुलगा गेला.

एमएच पाटी पाहून कोणी भाषेवरून वाद घालायला लागलं, तर उतरू नका. काच वर, दारं बंद, आणि ११२. गाडीतला कॅमेरा अशा वेळी साक्षीदार ठरतो. आणि रोज जिथे राहता तिथल्या भाषेत ‘सॉरी, तप्पायितु’ एवढं म्हणता आलं तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

दंडाचा संदेश आला, आता?

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमचं चलन’ म्हणून एपीके फाइल आली तर ती उघडू नका, ती चोरी आहे. गाडीचा नंबर टाकून बेंगळुरू वाहतूक पोलिसांच्या किंवा परिवहनच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा, नाही तर बेंगळुरू वन केंद्रात विचारा. महाराष्ट्रात नोंदलेल्या गाडीला तिथला जुना मोबाइल नंबर जोडलेला असेल तर संदेशच येत नाही, तो आधी बदलून घ्या. गाडी इथे बारा महिन्यांहून अधिक राहणार असेल तर पुनर्नोंदणीही लागते.

कॅमेऱ्यावरून दंड झाला असेल तर उल्लंघन आणि नंबरपाटी दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख-वेळ-ठिकाण आणि लागू कलम दाखवणं २०२१च्या नियमांनुसार यंत्रणेला बंधनकारक आहे. फोटोतली गाडी तुमची नसेल तर, बनावट पाट्यांमुळे असं होतंही, लेखी हरकत घ्या. पैसे भरलेत तर गुन्हा मान्य केल्यासारखं होतं. रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर हे लक्षात ठेवा:

- जून २०२२ मध्ये तेव्हाचे पोलीस महासंचालक प्रवीण सूद यांनी स्पष्ट केलं होतं की डोळ्यांना दिसणारं उल्लंघन नसताना केवळ कागद तपासायला गाडी अडवू नये. मद्यपानाची तपासणी तेवढी अपवाद.
- जागेवर दंड घेण्याचा अधिकार सहाय्यक उपनिरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना. पावती मागा.
- डिजीलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी चालतं, मोबाइलमधला नुसता फोटो नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत दंडावर निम्मी सूट जाहीर झाली तेव्हा शहरात १२० कोटींहून अधिक रुपये जमा झाले. २०२५ मध्ये पुन्हा सूट आली. तेव्हापासून ‘सेल लागला की भरू’ म्हणणारे वाढले आहेत. दरम्यान विमा किंवा गाडी विक्रीच्या वेळी हीच थकबाकी आडवी येते.

अपघात झालाच तर

जखमीला उचलायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, त्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही आणि रुग्णालय त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही. गंभीर जखमीला वेळेत पोहोचवणाऱ्याला केंद्राच्या योजनेतून २५,००० रुपयांचं बक्षीसही आहे. १०८ ला फोन करा. डोक्याला मार असेल तर निम्हान्स, हाडांसाठी जयनगरची संजय गांधी संस्था, ही नावं लक्षात ठेवा.

उपचाराच्या पैशांची पहिली चिंताही कमी झाली आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकडरहित मिळतात. धडक देऊन पळून गेलेली गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये भरपाई आहे, आणि त्यासाठी अर्ज स्वतःहून करावा लागतो.

तुमच्या गाडीने धडक दिली असेल तर पळू नका. जमाव अंगावर आला तर जवळचं पोलीस ठाणं गाठा आणि तिथे कळवा, कायदा एवढी मुभा देतो. गाड्या हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. तो बेंगळुरूतच केला पाहिजे असं मात्र नाही. अपघात जिथे झाला तिथे, दावा करणारा जिथे राहतो तिथे किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही करता येतो. नेलमंगलाला अपघात झालेल्या माणसाचे वारस कोल्हापुरात राहत असतील, तर त्यांना कोल्हापूरच्याच न्यायाधिकरणात अर्ज देता येतो.